संगणकाच्या पेटीलाही श्वास हवा!
मैत्रिणींनो, उन्हाळ्यात आपल्या वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो हे मी काय सांगायचे! मागच्या एप्रिलमध्ये बोरगाव मेघेच्या घरी निकालाचे गुण भरताना आमचा संगणक दोनदा आपोआप बंद पडला. तासाभराची मेहनत पाण्यात! दोष माझाच. पेटी भिंतीला टेकवलेली, वर माझे हौसेचे भरतकामाचे कव्हर.

या पत्र्याच्या पेटीत बहुधा पुढच्या जाळीतून हवा आत येते, मागचा पंखा गरम हवा बाहेर फेकतो. म्हणून मागे वीतभर जागा सोडाच. बाजूचा पत्रा काढून ठेवणे हा आमच्या ह्यांचा उपाय. त्याने हवेची वाट मोडते अन् धूळ मात्र पोटभर जाते. महिन्यातून एकदा प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून जाळी मऊ ब्रशने झटकावी. कव्हर घाला, पण यंत्र बंद होऊन गार झाल्यावर.