कायदा पाळला, पण दिलेल्या शब्दाचे काय?

राजकारणी हिल्डेगार्ड हाम-ब्र्यूखर यांचे नाव जर्मनीत आदराने घेतले जाते, पण त्या आदराला एक आक्षेप चिकटलेला असतो. बाई सच्च्या, पण राजकारणाच्या दृष्टीने भाबड्या. पक्षशिस्त त्यांना जमलीच नाही. हा आक्षेप मुख्यतः १ ऑक्टोबर १९८२ या एका दिवसावर उभा आहे. तो तिथेच तपासला पाहिजे.

त्या दिवशी बॉनच्या संसदेत चान्सेलर हेल्मुट श्मिट यांना हटवून हेल्मुट कोल यांना निवडण्याचा ठराव होता. हाम-ब्र्यूखर यांच्या फ्री डेमोक्रॅटिक पक्षाने सोशल डेमोक्रॅटांची तेरा वर्षांची साथ सोडली होती. १९७६पासून परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री राहिलेल्या बाई स्वपक्षाच्या निर्णयाविरुद्ध बोलायला उभ्या राहिल्या. मतदारांचा कौल न घेता श्मिट यांना पाडणे आणि कौल न घेताच कोल यांना बसवणे, दोन्ही त्यांना अमान्य होते. कोल यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे नेते हायनर गाइसलर यांनी हा राज्यघटनेवरच हल्ला ठरवला. ठराव २५६ विरुद्ध २३५ मतांनी संमत झाला.

गाइसलर यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. नाझीपूर्व वायमार प्रजासत्ताकात सरकार पाडायला बहुमत जमे, चालवायला जमत नसे. म्हणून युद्धानंतरच्या घटनेच्या ६७व्या कलमाने नवा चान्सेलर निवडल्याशिवाय जुन्याला हटवता येणार नाही अशी सोय केली. त्या दिवशी जे घडले ते या कलमाला धरूनच होते.

पण हे बाईंनी आपल्या भाषणात स्वतःच सांगितले होते! त्यांचा प्रश्न कायद्याचा नव्हता, लोकशाहीतल्या सभ्यतेचा होता. १९८०च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने श्मिट यांच्यासोबतच राहू, असे सांगून १०.६ टक्के मते मिळवली होती. ६७वे कलम बहुमत मोजते. मतदाराला दिलेला शब्द मोजण्याची सोय त्यात नाही. ती जबाबदारी खासदारावर येते, आणि खासदार फक्त आपल्या सद्सद्विवेकाला बांधील आहे, असे त्याच घटनेचे ३८वे कलम सांगते. मग हल्ला कुणी कशावर केला? पुढे कोल यांनीही डिसेंबरमध्ये विश्वासमत ठरवून गमावले आणि मार्च १९८३मध्ये निवडणूक घेतली. मतदाराकडे जाण्याची गरज त्यांनाही टाळता आली नाही. फ्री डेमोक्रॅटांची मते ७ टक्क्यांवर आली.

‘कायदेशीर आहे’ एवढ्यावर या बाईंचे समाधान का होत नसे, हे नाझी काळातल्या त्यांच्या तरुणपणात दिसते. १९८२ची तुलना त्या काळाशी करण्याचे कारण नाही. तरी ज्यूंचे हक्क हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदेही कायदेच होते. ज्यू वंशाच्या त्यांच्या आजीने १९४२मध्ये हद्दपारीआधी आत्महत्या केली. स्वतः हिल्डेगार्ड म्युनिकमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट पुरी करू शकल्या त्या नोबेलविजेते हाइनरिश वीलांड यांच्या आश्रयामुळे.

भाबडेपणाचा आरोप तर बव्हेरियातच खोटा ठरतो. १९६२मध्ये तिथल्या विधानसभेच्या निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारयादीत सतराव्या जागी टाकले. मतदारांनी तिथून उचलून पहिल्या क्रमांकावर नेले. बव्हेरियाचे शिक्षणमंत्री थिओडोर माउन्झ यांचे नाझी काळातले लेखन त्यांनी चव्हाट्यावर आणले आणि १९६४मध्ये माउन्झ यांना पद सोडावे लागले.

राहिली पक्षनिष्ठा. १९८२च्या फुटीनंतर ग्युंटर फरहॉयगन यांच्यासारखे सहकारी सोशल डेमोक्रॅटांकडे गेले. हाम-ब्र्यूखर पक्षातच थांबल्या. १९९४मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिसऱ्या फेरीआधी पक्षाने त्यांची उमेदवारी मागे घेतली, तरीही थांबल्या. १९४८मध्ये धरलेला पक्ष त्यांनी सोडला तो २००२मध्ये, पक्षाचेच नेते युर्गेन म्योलेमान यांनी इस्रायलविरोधी प्रचार चालवला तेव्हा.