शर्यतीआधीचे नियम

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मलेशियातील सेपांग येथे मोटोजीपीचे संघ हंगामपूर्व चाचणीसाठी एकत्र येतील आणि १ मार्च रोजी थायलंडमधील बुरीराम येथे २०२६ चा जागतिक हंगाम सुरू होईल. राष्ट्रीय प्रश्नांसाठी राखलेल्या या स्तंभात मोटारसायकलच्या शर्यतींचा विषय काही वाचकांना विजोड वाटेल. परंतु दुचाकींची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ आपली आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशांतर्गत सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. शिवाय नियम केव्हा आणि कसे करावेत, हा माझ्या साऱ्या सेवाकाळाचा प्रश्न होता, आणि या प्रश्नाचे इतके उघडे उदाहरण दुसऱ्या कोणत्या खेळात सापडेल असे मला वाटत नाही.

प्रथम संघांची स्थिती पाहू. गेल्या हंगामात डुकाटीच्या मार्क मार्केझने पाच शर्यती शिल्लक असतानाच, २८ सप्टेंबरला जपानमधील मोतेगी येथे, विजेतेपद निश्चित केले. पुढच्याच रविवारी इंडोनेशियात पहिल्याच फेरीत अप्रिलियाच्या मार्को बेझेकीची गाडी मागून त्याच्यावर आदळली. उजव्या खांद्याला गंभीर इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलेल्या चारही शर्यतींना तो मुकला. याच उजव्या हाताचे हाड २०२० साली स्पेनमधील हेरेस येथे मोडले होते आणि त्यावर २०२२ पर्यंत चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. येत्या महिन्यात तो तेहेतीस वर्षांचा होईल. डुकाटीची गाडी कितीही वेगवान असली तरी तिच्या यशाचा मोठा भाग या एका खांद्यावर अवलंबून आहे.

अप्रिलियाची कथा याहून विचित्र. २०२४ चा विजेता होर्हे मार्टिन क्रमांक १ घेऊन या संघात आला आणि सेपांगच्या चाचणीत पहिल्याच दिवशी पडून जायबंदी झाला. त्यातून सावरत असताना सरावात पुन्हा पडला; पहिल्या तीन शर्यती गेल्या. एप्रिलमध्ये कतारला परतला, तर तिथे अकरा बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसाभोवती हवा साचली. जुलैत पुन्हा उभा राहिला आणि सप्टेंबरमध्ये कॉलरबोन मोडून घेतली. दरम्यान त्याचा सहकारी बेझेकी याने हंगामाच्या शेवटच्या दोन्ही शर्यती, पोर्तुगाल आणि व्हॅलेन्सिया, जिंकल्या. म्हणजे गाडी उत्तम आहे. प्रश्न माणसांच्या हाडांचा आहे. डुकाटीला खरे आव्हान यंदा याच संघाकडून मिळेल, असा माझा अंदाज आहे.

नियमांच्या बाजूने पाहता २०२६ हे संक्रमणाचे वर्ष आहे. १००० सीसी इंजिनांचा हा अखेरचा हंगाम. २०२७ पासून इंजिन ८५० सीसीचे होईल. पेट्रोलची टाकी २२ लिटरवरून २० लिटरवर येईल, इंधन पूर्णतः शाश्वत स्रोतांचे असेल, धावत्या गाडीची उंची कमीअधिक करणाऱ्या यंत्रणांवर बंदी येईल आणि टायर मिशलँऐवजी पिरेलीचे असतील. जुन्या इंजिनावर विनाकारण खर्च होऊ नये म्हणून यंदा इंजिनांचा विकास गोठवण्यात आला आहे. त्यातून सवलत फक्त मागे पडलेल्या यामाहाला आहे, आणि ती संधी साधून यामाहाने आपले पारंपरिक सरळ इंजिन सोडून व्ही-४ रचना स्वीकारली आहे. होंडाची प्रगती झाल्यामुळे तिची सर्वांत मोठी सवलत नेमकी याच वेळी गेली. यशाबद्दल असा दंड कोणाला अन्यायकारक वाटेल. मला तो अनुदान वेळेवर बंद करण्यासारखा वाटतो, आणि अनुदान वेळेवर बंद होताना मी सरकारात क्वचितच पाहिले.

यातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, २०२७ चे नियम मे २०२४ मध्येच जाहीर झाले. ज्याला कारखाना चालवायचा आहे, अभियंते नेमायचे आहेत, स्वारांशी करार करायचे आहेत, त्याला जवळपास तीन वर्षांची सूचना मिळाली.

अर्थात सर्व अनिश्चितता नियमांनी दूर होत नाही. ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली, तेव्हा पेद्रो अकोस्तासारखा गुणी तरुण स्वार असलेला तिचा शर्यतीचा संघ पुढे उरेल की नाही, हे त्या हिवाळ्यात कोणालाच सांगता येत नव्हते. फेब्रुवारीत धनकोंनी आपल्या येण्यापैकी ३० टक्के रकमेवर समाधान मानले, पण ती रक्कम मे महिन्याच्या मुदतीत भरायची होती. ती उभी राहिली पुण्याच्या बजाज ऑटोमुळे. २००७ पासून केटीएममध्ये भागीदार असलेल्या या कंपनीने ८० कोटी युरोंची तजवीज केली आणि वर्षअखेरीस कंपनीचे नियंत्रण तिच्याकडे आले. त्याआधी महिंद्रानेही या जगात सात हंगाम काढले होते. २०१६ मध्ये नेदरलँड्समधील ॲसन येथे मोटो३ वर्गात महिंद्राला पहिला विजय मिळवून देणारा फ्रान्चेस्को बन्याया पुढे दोनदा मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

भांडवल आहे, ग्राहक आहेत, कारखाने आहेत. कमतरता कशाची, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७२ साली आइल ऑफ मॅनच्या रस्त्यांवरील शर्यतीत इटलीचा जिल्बर्तो पार्लोत्ती मरण पावला. त्या काळचा सर्वश्रेष्ठ स्वार जाकोमो अगोस्तिनी याने तेथे पुन्हा न धावण्याचे जाहीर केले, इतरही मागोमाग गेले, आणि १९७६ नंतर त्या शर्यतीचा विश्वविजेतेपदाचा दर्जा गेला. नियम बदलला, पण मृत्यूनंतर, आणि तोही स्वारांनी पाठ फिरवल्यावर. २०२१ मध्ये युरोपातील निरनिराळ्या स्पर्धांत १९, १४ आणि १५ वर्षांचे तीन स्वार काही महिन्यांच्या अंतराने दगावले. या वेळी आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच वर्षी निर्णय घेतला: २०२३ पासून ग्रां प्रीसाठी किमान वय १८, आणि खालच्या स्पर्धांतील वयोमर्यादाही वाढवलेली.

५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेतील नवोदितांच्या शर्यतीत बंगळूरूचा १३ वर्षांचा मुलगा पडला आणि मृत्युमुखी पडला. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. नंतर सात आठवड्यांनी देशाचे सारे लक्ष ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर होते, जिथे पहिली भारतीय ग्रां प्री भरली. ती बेझेकीनेच जिंकली. उष्म्यामुळे शर्यत तीन फेऱ्यांनी कमी करावी लागली आणि दुसरा आलेला मार्टिन शर्यत संपताच निर्जलीकरणाने कोसळला. मार्केझसह अनेकांचे व्हिसा शर्यतीच्या आठवड्यापर्यंत अडकले होते. २०२४ ची शर्यत वेळापत्रकातून गळाली, ती अद्याप परतलेली नाही. याच सर्किटवर २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, आणि तीही टिकली नाही. करमणूक कर लागू की नाही, साहित्यावर सीमाशुल्क किती, परदेशी कंपनीला आयकर भरावा लागेल का, हे प्रश्न एकामागून एक उपस्थित होत गेले. त्यातील आयकराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला तो २०१७ मध्ये, शेवटची शर्यत होऊन सुमारे साडेतीन वर्षे लोटल्यावर. निकाल कायद्याने योग्य असेल. पण हेच उत्तर २०१० मध्ये एका पत्राने देता आले असते.

माझ्या सेवेच्या आरंभीच्या वर्षांत एका जिल्ह्यातील एका वळणाची फाइल वारंवार माझ्यापुढे येत असे. सूचनाफलक आणि गतिरोधक यांचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात पडून होता. तिसऱ्या मृत्यूनंतर तो चार दिवसांत मंजूर झाला. त्या कार्यालयातील माणसे निर्दय नव्हती. मृत्यू हाच त्यांच्या लेखी पुरावा होता. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी ७४ हजार ८९७ दुचाकीवर होती. इतका पुरावा जमल्यावर आणखी कशाची वाट पाहायची?

बुद्ध सर्किटवर पुन्हा आंतरराष्ट्रीय शर्यत आणावी, असे म्हणणाऱ्यांत मीही आहे. परंतु निमंत्रण धाडण्यापूर्वी केंद्र आणि उत्तर प्रदेश शासनाने कर, सीमाशुल्क आणि व्हिसा यांबाबतची भूमिका लेखी आणि किमान पाच वर्षांसाठी बंधनकारक अशी जाहीर करावी. देशांतर्गत स्पर्धांत ट्रॅकवरील प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी व्हावी आणि अहवाल ठरलेल्या मुदतीत सार्वजनिक व्हावा. गेल्या ऑगस्टमध्ये संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात खेळाडूंच्या समित्यांची तरतूद आहे. मोटारस्पोर्टमध्ये ती समिती नेमून किमान वयाचा प्रश्न सर्वप्रथम तिच्यापुढे ठेवावा. राष्ट्रीय स्पर्धांचा नवा हंगाम सुरू व्हायला अजून काही महिने आहेत, आणि तेवढ्या अवधीत हा शेवटचा निर्णय नक्कीच होऊ शकतो.