आधी घर तपासा, मग पॅनेल द्या

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय जरा रुक्ष वाटेल, पण वीजबिल ज्याच्या घरी येतं त्याने वाचावं!

सध्या आमच्या राणीसावरगावात छतावरच्या सोलरची चर्चा जोरात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्यांसाठी राज्याने २०२५ मध्ये वरून आणखी भर घातली. योजना चांगली आहे, यात वाद नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. छताची जागा मोजायला माणूस येतो, पण त्या छताखाली वीज कुठे आणि का जाते, हे बघायला कुणी येत नाही.

एक साधा हिशोब करू या (गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा तास मीच घ्यायचे, त्यामुळे चालेल). जुना पंखा ७५ वॅटचा. असे तीन पंखे रोज बारा तास फिरले, तर महिन्याला ८१ युनिटं. नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट घेतो. तेच तीन पंखे, तेवढेच तास, तर ३२ युनिटं. ४९ युनिटं वाचली. ज्याचा वापर १३० आहे तो ८१ वर आला, म्हणजे शंभराच्या आतल्या स्वस्त दरात बसला. खर्च किती? तीन पंख्यांचे आठ-नऊ हजार. एक किलोवॅटचं पॅनेल महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटं देतं, पण त्याला पन्नास-साठ हजार लागतात. मग युनिटामागे स्वस्त काय पडलं, ते तुम्हीच सांगा. पण पंख्याला अनुदान नाही.

एलईडी बल्बच्या वेळी सरकारला हे बरोबर समजलं होतं. २०१५ च्या उजाला योजनेत सरकारी कंपनीने घाऊक खरेदी करून भाव पाडला आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब घरोघरी गेले. तेही अनुदानाशिवाय!

आता छताकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. तुळया, त्यावर लाकडं, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, आणि भिंती हात-दीड हात रुंद. मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असलं तरी दुपारी आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या जड भिंती आणि छतांखाली हजारो माणसं गेली. साऱ्या मराठवाड्याने धसका घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. माळवदं उतरली, पत्रे आले. शिवाय दरवर्षी माती टाकायला माणसं मिळेनात, गळतीचा त्रास वेगळाच. तेव्हा जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही. पण पत्र्याखालच्या खोलीत उन्हाळ्यात दुपारी म्हातारं माणूस किंवा बाळंतीण कशी राहते, हे एकदा जाऊन बघा. पंखा फिरतो, पण गरम हवाच अंगावर फेकतो. लोक पत्र्यावर पऱ्हाट्या, तुराट्या टाकतात, पोती ओली करतात. स्लॅबचंही फार वेगळं नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत आत उष्णता सोडत बसतो.

अशा घराला पॅनेल मिळालं तर बिल कमी होईल (पॅनेलच्या सावलीने स्लॅब थोडा निवतो, हेही खरं), पण खोली तापायची ती तापणारच. पत्र्याला पांढरा रंग, स्लॅबला चुन्याचा हात, समोरासमोर खिडकी, पश्चिमेच्या भिंतीला सावली... यातलं काय कुठल्या घराला लागू पडेल, हे कुणीतरी घरात येऊन सांगायला हवं. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच आणलं. आपल्याकडे घरकुलाला मैदानी भागात १ लाख २० हजार मिळतात, त्यात छत थंड राहावं म्हणून वेगळी तजवीज का नसावी?

आमचा अमेरिकेतला भाचा सांगतो, त्याच्याकडे तपासणीला माणूस आला, दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवला आणि हवा कुठून गळते ते शोधून दिलं. तिथे गरिबांची घरं दुरुस्त करून वीज-इंधन वाचवण्याची सरकारी योजना १९७६ पासून आहे. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने सिमेंट, पोलाद, खतांच्या मोठ्या कारखान्यांना ऊर्जा तपासणी लावली. घरांना सक्ती नको, पण सोय तरी हवी ना?

माझे यजमान म्हणतात, "म्हणजे आणखी एक साहेब घरात आणून बसवायचा!" भीती खोटी नाही. पण साहेब कशाला हवा? आयटीआयला वीजतंत्रीचा कोर्स करणारी मुलं आहेत. त्यांना पंधरा दिवसांचं शिक्षण द्या, हातात मोजायचं यंत्र द्या आणि घरामागे दोन-तीनशे रुपये द्या. मुलगा येईल, फ्रीजचं रबर सैल आहे का बघेल, पंखे मोजेल, पत्र्याला हात लावून बघेल आणि एका कागदावर लिहून देईल की आधी हे करा, मग ते. तो कागद जोडल्याशिवाय सोलरचा अर्ज घेऊ नये, असंही मी म्हणत नाही. कागद आणणाऱ्याला पंख्यासाठी आणि छताच्या रंगासाठी त्याच अनुदानातून चार-पाच हजार मिळाले तरी पुष्कळ झालं.

भाचे कंपनी आणि ब्लॉगवाले मित्र, तुमच्या गावी असं काही चालू असेल तर जरूर कळवा. आणि हो, तुमच्या घरातले पंखे किती वॅटचे आहेत तेही बघून सांगा!