आधी पक्षी सापडू द्या

दादरा-नगर हवेलीतल्या दुधनीच्या तलावात शिकारा मध्यावर पोचला की कुणीतरी पिशवीतून दुर्बीण काढतं. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या खोडावर पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो. नुसत्या डोळ्यांनी तो सगळ्यांना दिसतो. दिसत नाही तो फक्त दुर्बीण लावलेल्या माणसाला. "कुठंय? कुठंय?" करेपर्यंत पक्षी उडतो आणि दुर्बीण खेळणं म्हणून पोराच्या गळ्यात जाते.

त्या माणसाची चूक दुकानातच झालेली असते. जिच्यावर सगळ्यात मोठा आकडा, ती दुर्बीण त्याने उचललेली असते. मीही तेच केलं होतं. रस्त्याकडेच्या टपरीवर घेतलेल्या माझ्या पहिल्या दुर्बिणीवर ठळक ३०×६० छापलं होतं. घरी येऊन पुढच्या भिंगाला फूटपट्टी लावली, तर साठ मिलिमीटर सांगितलेलं भिंग जेमतेम वीस मिलिमीटर भरलं. तीसपट मोठं दिसण्याची गोष्ट तर सोडाच.

म्हणून आधी हे आकडे समजून घ्या. ८×२५ मध्ये पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. तिसरा आकडा बारीक अक्षरांत असतो आणि बहुतेकजण तो वाचतच नाहीत. एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं, ते त्यात लिहिलेलं असतं. '१३१ मी./१००० मी.' किंवा '७.५ अंश' असं काहीतरी. आपल्या कामाचा खरा आकडा हाच.

हिशेब करून बघा. १३१ मीटरवाल्या दुर्बिणीतून वीस मीटरवरच्या झाडाचा अडीच मीटरहून जास्त रुंद भाग एकदम दिसतो. बारा पटीच्या बऱ्याच छोट्या दुर्बिणींत हा आकडा ८० मीटरच्या आसपास असतो. त्यांच्यातून त्याच झाडाचा जवळपास दीड मीटरच दिसतो. क्षेत्रफळात धरलं तर अडीच पटींहून जास्त फरक. खानवेलच्या वाटेवर साग आणि बांबूच्या दाटीत हळद्या एका फांदीवर चार क्षण बसतो. तो हलला तरी पुन्हा चौकटीत सापडायला हवा असेल, तर चौकट मोठीच हवी.

दुसरी अडचण हाताची. दुर्बीण पक्ष्याला जेवढी जवळ आणते, तेवढाच आपल्या हाताचा कंपही मोठा करते. उघड्या माळावर, तिपाईवर ठेवून बघणाऱ्याला दहा-बारा पट चालेल. हलत्या होडीत, चढ चढून दम लागलेला असताना, किंवा आजोबांच्या हातात ती चालत नाही. सहा ते आठ पट पुरे. सातमालियाच्या हरणउद्यानात चितळाच्या पाठीवरचे ठिपके मोजायला याहून जास्त लागत नाही.

आता उजेड. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ८×२५ मध्ये तीन येतात, म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तीन मिलिमीटरचा. दिवसा आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे उन्हात एवढं भरपूर झालं. दिवेलागणीला बाहुली मोठी होते. तेव्हा ६×३० चा पाच मिलिमीटरचा झोत कामी येतो. खिशात मावणारी हवी तर ८×२५ घ्या. गळ्यात अडकवायची तयारी असेल आणि पहाट-संध्याकाळी फिरणार असाल, तर ६×३० किंवा ८×३२ बघा. या दोन्हीही हलक्याच. १०×५० मात्र तासाभरात मान धरायला लावते.

दुकानात काउंटरवर बघून निर्णय करू नका, दारात या. समोरच्या पाटीवरची अक्षरं मिनिटभर वाचा. अक्षर दुहेरी दिसलं किंवा कपाळात ताण जाणवला तर ती परत द्या. म्हणजे आतले लोलक एका रेषेत नाहीत. लाल-केशरी चकाकणाऱ्या भिंगांना भुलू नका, ती रंग बिघडवतात. पटी कमी-जास्त करायची दांडी असलेल्याही टाळा. स्वस्तातल्या अशा दुर्बिणी चौकट अरुंद करतात. चष्मा लावून बघणार असाल तर चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो का, ते तपासा. डोळ्याला टेकणारी रबरी कडा तेव्हा खाली दुमडायची असते.

वापरायची रीत दोन मिनिटांत येते. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. एवढं एकदाच. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हटवू नका, दुर्बीण तशीच डोळ्यांना लावा. खाली बघून मग शोधायला गेलात की संपलं. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नका. मुलांना हे आधी सांगा.

आपल्याकडचा पावसाळा भिंगांचा वैरी. चामडी पाकिटात कपाटात ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर बुरशीची जाळी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. भिंग सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने पुसू नका. आधी धूळ फुंकणीने उडवा, मग मऊ कापड फिरवा.

रात्रीही ती कामाला येते. नोव्हेंबरात रात्री पूर्वेला कृत्तिका वर आलेल्या असतात. ज्यांच्यावरून कार्तिक महिन्याचं नाव पडलं, तो हा पुंजका आकाशात दोन अंशांचा, म्हणजे चार पूर्णचंद्र ओळीने ठेवावेत एवढा. मोठ्या पटीच्या अरुंद दुर्बिणीत त्याच्यातले तारे फुटून विखुरतात. सात अंशांच्या चौकटीत अख्खा पुंजका आजूबाजूच्या अंधारासकट दिसतो.

शेजारी महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर हा पक्षी-अभ्यासक मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सलीम अलींचा जन्मदिवस. त्या दरम्यान २०२० पासून पक्षी सप्ताह होतो. सेलवासच्या मंडळींनी त्याला निमंत्रण लागतं असं मानू नये. दमणगंगेच्या काठी सकाळी सातला गेलात तरी खंड्या आणि वंचक भेटतील. घरात एकच दुर्बीण असेल तर ती पोरांच्या हातात आधी द्या. आणि दुर्बीण आणायला निघताना खिशात फूटपट्टी ठेवा.