ओवेन्स ठाऊक, अमरावती नाही!

परवा वर्ध्यात शाळकरी मुलांच्या एका प्रश्नमंजूषेला परीक्षक म्हणून गेलो होतो. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके कोणी जिंकली, असे विचारताच भराभर हात वर झाले. जेसी ओवेन्स! हिटलरच्या डोळ्यांदेखत एका कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूने वंशश्रेष्ठत्वाचा फुगा फोडला, ही गोष्ट मुलांना ठाऊक असायलाच हवी.

मग मी विचारले, त्याच बर्लिनला आपल्या शेजारचे कोण गेले होते? सगळे गप्प. शिक्षकसुद्धा. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेव्हा बर्लिनमध्ये कबड्डीची आणि भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती!

दोष मुलांचा नाही. अमेरिकेने आपल्या खेळाडूंच्या आठवणी जपल्या. बेसबॉलच्या मुख्य लीगमधली वर्णभेदाची भिंत जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये पाडली. पन्नास वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याचा ४२ हा क्रमांक लीगमधल्या सर्वच संघांनी कायमचा राखून ठेवला. आणि आपण? १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार दिला, तोही मरणोत्तर.

ओवेन्स विसरा, असे मी म्हणत नाही. पण गावोगावच्या आखाड्यांतली, मैदानांवरची जुनी माणसे आता थकत चालली आहेत. त्यांच्यापाशी वही घेऊन बसायला कोणते सरकारी अनुदान लागते? पुढच्या प्रश्नमंजूषेतले निदान चार प्रश्न त्या वहीतून यावेत.