पटाची जोडी नांगराला

आमच्या एका भाच्याचे असे ठाम मत आहे की, कोट्यवधी रुपयांची विलायती स्पोर्ट्स मोटार ही काही नुसती कॅलेंडरात लावण्याची वस्तू नव्हे; ती माणसाला रोजच्या कामाला वापरता येते. भाचा पुण्यात राहतो, त्यामुळे मताला ठामपणा आपोआपच येतो. त्याच्याजवळ अशी मोटार नाही. ज्यांच्याजवळ असते ते मते मांडत नाहीत, ते मोटारीवर आच्छादन घालतात.

त्याचे म्हणणे असे, "मामा, या गाड्या आता पूर्वीसारख्या लहरी राहिल्या नाहीत. गिअर आपोआप पडतात, आत थंडगार हवा असते, आणि समोर गतिरोधक आला की बटण दाबायचं, गाडी आपलं नाक वर उचलते. ऑफिस, भाजी, सासुरवाडी, कुठंही न्या!"

आता आम्ही पडलो चंद्रपूरचे. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत गडचिरोलीसुद्धा आमच्याच जिल्ह्यात होते. जिल्हा वेगळा झाला, खड्ड्यांची वाटणी मात्र कोणी काटेकोरपणे केली नाही. तेव्हा 'रोज' आणि 'वापरता येते' या दोन शब्दांवर दोन्ही जिल्ह्यांच्या वतीने आमचा आक्षेप आहे, आणि तो आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

उदाहरणादाखल लँबोर्गिनीची हुराकान घ्या. २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षे ही गाडी निघत होती. भारतात आली तेव्हा तिची किंमत ३ कोटी ४३ लाख रुपये होती, तीही रस्त्यावर आणण्याचा खर्च सोडून. (आमच्याकडे रस्ताच गाडीपर्यंत आणण्याचा खर्च निराळा.) थांबलेली ही गाडी ३.२ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते. एवढ्या वेळात ती साधारण पंचेचाळीस मीटर जाते, असे आम्ही वहीवर हिशेब करून काढले. आता कोणत्याही वाचकाने आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून पुढचे पंचेचाळीस मीटर मोजावेत. त्यात एक गतिरोधक, एक बसलेली गाय, एक उघडे चेंबर आणि गणपती, शारदा किंवा लग्न यांपैकी एकाचा मांडव नसेल, तर तो वाचक आपल्या देशात राहत नाही.

गतिरोधक कसा असावा याचे शास्त्र आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा हळुवार उतरत्या पाठीचा असावा. हुराकानचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच. म्हणजे कागदावरचा गतिरोधक आणि कागदावरची मोटार यांचे कसेबसे जमते. पण आमच्याकडचा गतिरोधक कागदावर जन्मलेला नसतो. तो अपघातातून जन्मतो. गावात एखादे पोर ट्रकखाली सापडले की दुसऱ्या दिवशी गावकरी मुरूम, दगड आणि संताप एकत्र करून रस्त्यावर आडवा बांध घालतात. जेवढे दुःख मोठे, तेवढा गतिरोधक उंच. त्याच्यापुढे भाच्याची मोटार नाक वर करून करून किती करणार? दीड इंच! आमच्याकडे नवा जावई रुसला तरी यापेक्षा जास्त वर करतो.

शिवाय गाडीचे छप्पर चार फुटांनाही पोचत नाही. आमच्या मूल रस्त्यावर संध्याकाळी वाघ आडवा येतो. चांगल्या वाघाचा खांदा तीन फुटांवर असतो, वर मान. एरवी जीपमधून वाघ बघताना माणूस वर आणि वाघ खाली, असा एक सामाजिक दुरावा राखता येतो. इथे दोघांचे डोळे एका पातळीवर! चालक समोर बसलेला, इंजिन पाठीमागे गुरगुरणारे, आणि समोर दुसरा गुरगुरणारा. यातले कोणते गुरगुरणे आपले, हे ओळखायला ३.२ सेकंद पुरतील असे वाटत नाही.

सामानाचे म्हणाल तर पुढच्या बाजूला १०० लिटरचा एक खण असतो. आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या एचएमटी तांदळाचे पंचवीस किलोचे तीन कट्टे त्यात बसतील. मग माणसे? दोन. आमच्याकडे दोन माणसांनी मोटार काढून गावाला जाणे म्हणजे बाकीच्या नातेवाइकांशी संबंध तोडल्याची जाहीर नोटीस. मे महिन्यात पारा ४६-४७ ला टेकलेला असताना, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या म्हातारीला "जागा नाही" म्हणून पुढे जाणारी मोटार कितीही देखणी असली तरी आमच्याकडे तिला गाडी म्हणत नाहीत, माज म्हणतात.

आमच्या शेजारच्या गॅरेजवाल्याला आम्ही त्या गाडीचे छायाचित्र दाखवले. त्याने ते उभे-आडवे करून पाहिले आणि म्हणाला, "हे गाडी आपल्या इकडं लई दिवस टिकन जी भाऊ. फक्त चालवाची नाही."

भाच्याने यावर सचिन तेंडुलकरचे नाव घेतले. मराठी माणसाशी वाद घालताना हे नाव घेणे म्हणजे चेंडूच हरवून टाकणे होय. तरी आम्ही उत्तर दिले. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली सचिनला फेरारी ३६० मॉडेना भेट मिळाली, हे खरे. पण २००३ मध्ये तिच्या सीमाशुल्काच्या माफीवरून देशभर केवढा गदारोळ झाला! शेवटी ते पैसे कंपनीने भरले. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. का विकली ते त्याचे तो जाणे. पण मधल्या नऊ वर्षांत लोकांच्या लक्षात राहिली ती त्या गाडीची जकात, वेग नव्हे.

खरे म्हणजे हा वाद आमच्या शेतकऱ्याने केव्हाच निकालात काढलेला आहे. विदर्भात शंकरपट असतो. पटाची जोडी ही आमची अस्सल स्पोर्ट्स मोटार. तिचा खुराक निराळा, तिचा सराव निराळा, तिच्या अंगावरचा हात निराळा. ती दाण्याच्या मोलाने खाते आणि काही सेकंदांसाठी जगते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये ती कायम झाली. मधल्या एवढ्या वर्षांत कोणा शौकिनाने आपली जोडी धानाच्या चिखलणीला जुंपल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. "पटाचे बैल रोजच्या कामाला चालतील का?" असा प्रश्नच शेतकऱ्याला पडत नाही. नांगराला नांगराचे बैल, पटाला पटाचे. शौक हा शौक म्हणून करावा. त्याला उपयुक्ततेचे सोवळे नेसवू नये.

आणि गंमत पाहा, ज्याने ही गाडी काढली त्या फेरुचिओ लँबोर्गिनीलाही हे ठाऊक होते. शेतकऱ्याचा मुलगा. १९४८ पासून ट्रॅक्टर बनवत होता, मोटारींचा कारखाना काढला १९६३ मध्ये. बोधचिन्ह काय घेतले, तर बैल! त्याने लँबोर्गिनी ट्रॅक्टरला 'ताशी तीनशे' म्हटले नाही आणि मोटारीला 'नांगरणीस उत्तम' म्हटले नाही. भाच्याला रोज वापरायची लँबोर्गिनीच पाहिजे असेल तर त्याने ट्रॅक्टर घ्यावा. मागे ट्रॉली लावली की अख्खे वऱ्हाड मावते, आणि पोळ्याला दाराशी उभा केला तर आमची सौ. त्याला ओवाळीलसुद्धा.

येथे भाचा नरमला. पण नरमून तो जे बोलला त्यावर मात्र आमचे डोके खरोखरच तापले. तो म्हणाला, "बरोबर आहे मामा, तुमच्या भागात उंच गाडीच घ्यायला पाहिजे."

वाचकहो, सगळे दुखणे या वाक्यात आहे. रस्ता वाईट ना, मग गाडी उंच करा! इटलीवाल्यांनीही हे ओळखले. त्यांनी उरूस नावाची धिप्पाड गाडी काढली, आणि २०२२ मध्ये हुराकानलाच टाचा लावून कच्च्या वाटेची आवृत्ती आणली. आमच्याकडच्या पुढाऱ्यांनी, ठेकेदारांनी आणि साहेबांनी ते त्याआधीच ओळखले होते. जीप गेली, मोठी जीप आली, तिच्यापेक्षा मोठी आली. चाक मोठे, स्प्रिंग मऊ, काच काळी. एवढ्या उंचीवरून खड्डा दिसत नाही, आणि एवढ्या मऊ गादीवर तो लागतही नाही. ज्याने खड्डा बुजवायचा, त्याच्यापर्यंत खड्डा पोचेनासा झाला.

मग तो पोचतो कुणाला? लाल एस. टी.तल्या मागच्या बाकाला. सायकलवर मोहफुलांचे पोते घेऊन बाजाराला निघालेल्याला. चंद्रपूरच्या वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. त्याच्यासाठी कोळसा आणि दुसरीकडे लोहखनिज वाहणारे ट्रक ज्या रस्त्यांची चाळण करतात, त्याच रस्त्यांनी शाळेला जाणाऱ्या पोरांना. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाली; पण जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाचा आणि वाटेत नाल्यांची रांग, अशा गडचिरोलीत ती गाडी रस्ता संपेल तिथे थांबते. पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आम्ही वर्षानुवर्षे पावसाळ्यात वाचली. अडलेल्या बाईला खाटेची कावड करून नाल्यापार नेल्याची बातमीही तशीच. खाट फार उंचावरून जाते हो, माणसाच्या खांद्यावरून! तिच्यापेक्षा जास्त उंचीचे वाहन कोणत्याच कारखान्याने काढलेले नाही. म्हणून ती काही सोयीची ठरत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. भाच्याची मोटार त्याच्या कामाची नसेल, पण समाजाच्या कामाची आहे. जिच्या पोटाखाली पाच इंचच जागा, तिच्याइतका प्रामाणिक परीक्षक शोधून सापडणार नाही. ती खड्ड्याला उदार मनाने क्षमा करीत नाही. तिला टक्केवारी कळत नाही. म्हणून दोन्ही जिल्ह्यांसाठी मिळून अशी एक मोटार घ्यावी. रस्त्याचे उद्घाटन झाले की फीत कापणाऱ्याने, शेजारी ठेकेदाराला बसवून (दोनच जागा असतात, हा तिचा मोठा गुण), त्या रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती स्वतः चालवत न्यावी. वेगाचे बंधन नाही. बैलगाडीच्या चालीने नेली तरी चालेल. पोट घासले तर बिल नाही. ज्या रस्त्यावरून ही गाडी सुखरूप जाईल, त्यावरून रुग्णवाहिकेतली बाळंतीण नक्कीच सुखरूप जाईल.

भाचा म्हणतो, "म्हणजे मामा, शेवटी ती वापरता येते हे तुम्ही कबूल केलंत!"

येते ना. पण रोज नको. वर्षातून एकदा, पहिल्या दमदार पावसानंतरच्या आठवड्यात. तेवढ्याने भागेल.