सव्वापट माणूस

२०१८च्या फेब्रुवारीत बडोद्याला एक्क्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा डोंबिवलीचा माझा मावसभाऊ आमच्याकडे, शहराच्या वाडी भागात मुक्कामाला होता. सकाळी सेव-उसळ, दुपारी परिसंवाद, रात्री हिंचक्यावर गप्पा. (झोपाळ्याला आम्ही हिंचका म्हणतो आणि ओट्याला ओटला, त्याला त्याचीही मौज वाटायची.) निघताना गहिवरून म्हणाला, "परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या काढून मराठी टिकवलीत, धन्य आहे तुमची!"

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, एका बालिकेवरच्या अत्याचारानंतर, उत्तर गुजरातेत परप्रांतीय मजुरांवर हल्ले झाले. उत्तर प्रदेश-बिहारची हजारो माणसं मिळेल त्या गाडीनं गावी पळाली. मी अस्वस्थ होऊन त्याला फोन केला. "वाईटच झालं," तो म्हणाला, "पण दुसऱ्याच्या प्रांतात राहायचं तर त्या प्रांताचं होऊन राहावं ना! आपली भाषा, आपली छटपूजा कवटाळून कशाला बसायचं?"

आम्ही मराठी कवटाळली ती धन्यता आणि त्यांनी भोजपुरी कवटाळली तो माज, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

मावसभावाचं म्हणणं सगळंच टाकाऊ आहे असं मात्र नाही. मुंबईत बँकेच्या खिडकीशी एखाद्या आजीबाईंना मराठीत उत्तर मिळू नये, याचा संताप रास्त आहे. जिथं पोट भरतं तिथली भाषा यावी, एवढ्यावर माझंही दुमत नाही. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. त्या पायरीवर ‘भाषा शिका’चं ‘विरघळून जा’ होतं, आणि पुरावा म्हणून आम्हाला, बडोद्याच्या मराठ्यांना, उभं केलं जातं: पाहा, दुधात साखर!

ही साखर मूळची पारशांची. संजाणच्या राजानं काठोकाठ भरलेला दुधाचा प्याला पाठवला आणि धर्मगुरूंनी त्यात साखर घालून तो परत केला, ही आख्यायिका गुजरातेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण ती सांगणारे उदवाड्याच्या अग्निमंदिराला विसरतात. विरघळलेल्या साखरेनं आपला अग्नी वेगळा जपलाच होता ना? पारशी गुजराती बोलले, गुजरातीत नाटकं केली, आणि पारशीच राहिले. मग त्या गोष्टीतून विरघळण्याचा आदेश कुठून निघतो?

आमचं तर साखरेशीही नातं नाही. आम्ही घोड्यावर बसून आलो. पिलाजीराव गायकवाड चौथाई वसूल करत गुजरातेत शिरले आणि १७३४मध्ये बडोदं कायमचं गायकवाडांच्या ताब्यात आलं. मागोमाग कारकून, पुराणिक, शिलेदार, आचारी आले. ‘इथली भाषा येते का?’ असं त्यांना विचारायची कुणाची छाती होती? दफ्तर मोडीत चालायचं. ज्याला दरबारात काम असेल त्यानं मराठी समजून घ्यायची. गुजरातीत ‘चळवळ’ हा शब्द आपला गेला याचं आम्हाला कौतुक असतं. तो साखरेसारखा गेला की सत्तेच्या वाटेनं, हे कुणी विचारत नाही. राज्यकर्ता म्हणून आलेल्याची मराठी टिकली, यात मर्दुमकी ती काय? त्याची तुलना भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तास उभ्या असलेल्या माणसाशी करणं हा शुद्ध अन्याय आहे.

आम्ही गुजराती झालो ते नंतर, आणि ते कुणाच्या दमदाटीनं नव्हे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५मध्ये दत्तक येऊन सयाजीराव नावानं गादीवर बसला. त्याला मराठीबरोबर गुजरातीचेही धडे देण्यात आले. पुढे याच सयाजीरावांनी कारभार प्रजेच्या गुजरातीत चालावा असा आग्रह धरला, १९०६मध्ये प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं केलं, आणि १९३१मध्ये कारभाराच्या शब्दांचा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांतला कोश काढवला. मराठी ग्रंथांनाही त्यांनी हात आखडला नाही; न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली १९२१चं संमेलन याच शहरात भरलं. १ मे १९६०ला आम्ही रीतसर परप्रांतीय ठरलो, तोवर घराघरात दोन्ही भाषा नांदत होत्या. एक शाळेनं आणि कचेरीनं शिकवलेली, दुसरी आजीनं. याउलट २०२५मध्ये मुंबईजवळ मिरा रोडच्या एका दुकानदाराला मराठीवरून थप्पड बसली. त्या थपडेनं त्याला किती मराठी आली असेल?

आणि समजा, आली. अगदी अस्सल आली. मग पुरतं का?

काकासाहेब कालेलकरांचंच घ्या. साताऱ्याला जन्मलेला हा मराठी माणूस बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवायला आला, पुढे गांधीजींकडे गेला आणि गुजराती गद्याचा मानकरी ठरला. १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तोही गुजरातीसाठीच. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं. प्रेमानंच म्हटलं, यात शंका नाही. पण त्या सवाईत एक मेख आहे. जो इथं जन्मला तो काहीही न करता एक गुजराती. जो बाहेरून आला त्यानं सव्वा व्हायचं, तेव्हा कुठं त्याचा एक धरणार. डोंबिवलीत हिशेब हाच आहे, फक्त नाव बदलतं. शिवाय कालेलकर होणं किती जणांना जमणार? गवंड्यानं, रिक्षावाल्यानं सव्वा कुठून आणायचा?

याहून बोचरी गोष्ट बडोद्याच्या कमाठीबागेतली. सप्टेंबर १९१७. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून भीमराव आंबेडकर नोकरीवर रुजू व्हायला आले. राजा मराठी, कितीतरी अधिकारी मराठी, आणि शहरात राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन जमाव आला. एक हिंदू स्नेही, एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही अडचणी सांगितल्या. मग गाडीच्या वेळेपर्यंत ते बागेत बसून राहिले. विरघळण्यात त्यांचं काय कमी पडलं होतं? मराठी उत्तम होती, इंग्रजी तर दिवाणांच्या तोडीची.

म्हणून मी म्हणतो, भाषा मागा, जरूर मागा. पण आधी ती शिकवायची सोय करा, पाळी संपल्यावर गिरणीच्या दाराशी वर्ग भरवा. येणाऱ्याची छटपूजा आणि भोजपुरी त्याच्या घरात राहू द्या, जशी आमची मराठी वाडीत राहिली. आणि एवढं करून तो तुमच्या भाषेत बोलू लागला, तर त्याला जागा भाड्यानं द्या. मिसळणं खरं तिथं अडतं, व्याकरणात नाही.

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. डोंबिवलीतला त्याचा एक फ्लॅट रिकामा झालाय, कुणी चांगला भाडेकरू असेल तर सांग म्हणाला.

"मराठी बोलणारा पाहिजे ना?"

"अर्थात!"

"उत्तम बोलतो असा एक मुलगा आहे, नोकरीही पक्की आहे. मग आडनाव कुठलंही चालेल?"

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "तसं नाही रे, मला काही नाही... सोसायटीला विचारावं लागेल."